तळ्यातली परडी, चकवा, गिऱ्हा : तुमच्याकडचे अनुभव लिहा

माझं आजोळ मालवण तालुक्यातलं, त्यामुळे धामापूरच्या तलावाची गोष्ट ऐकतच मोठी झाले. आजी मागच्या पावसाळ्यात गेली आणि मग लक्षात आलं की तिच्या तोंडचं एक अक्षर मी लिहून ठेवलेलं नाही. म्हणून हा धागा. खरं-खोटं नंतर बघू, आधी ऐकलेलं-अनुभवलेलं जसंच्या तसं लिहा, आणि कोणी सांगितलं तेही लिहा.

सुरुवात मी करते. तलाव १५३० सालचा सांगतात, काठावर भगवतीचं देऊळ. घरात लग्न आणि अंगावर घालायला काही नाही अशी वेळ आली की फुलांचे दागिने करून परडीत ठेवायचे, परडी पाण्यात सोडायची, ती बुडायची आणि वर यायची ती सोन्याने भरून. लग्न झालं की परत. आजी इथे थांबायची, पदर सारखा करायची आणि म्हणायची, "एकाक हाव सुटली, तेना परत केले नाय. तेच्या मागसून परडी वर इली नाय." दर वेळी एवढ्याच शब्दांत, एक शब्द कमी नाही की जास्त नाही.

*

आमच्याकडे माण तालुक्यात चकवा. वडील जागरण-गोंधळाहून रात्री एकटेच चालत येत होते, आभाळ भरलेलं, चंद्र नाही. तासभर चालले तरी वस्ती येईना आणि एका बाभळीच्या बेचक्यात कडब्याची पेंढी अडकलेली दिसली, पुढे गेले तर परत तीच पेंढी, मग तिसऱ्यांदा पण तीच. जुनी माणसं सांगायची तसं धोंड्यावर बसले, विडी पेटवली आणि उजाडेपर्यंत हलले नाहीत. उजाडल्यावर बघतात तर आमच्या चुलीचा धूर दोन शेतं पलीकडे. सूर्य-चंद्र दिसत नसला की माणूस सरळ जातोय असं समजून गोल फिरतो, हे जर्मनीतल्या संशोधकांनी २००९ मध्ये माणसं चालवून दाखवलंय. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, मग त्यालाच चकवा म्हणतात.

*

मी लोणारचा. २०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं तेव्हा लॉकडाऊन होता, तरी कड्यावर जाऊन बघितलं, अंगावर काटा आला. आमच्याकडे लवणासुराची कथा आहे, विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला इथे मारलं, गावात दैत्यसूदनाचं देऊळ आहे. त्यामुळे म्हातारी माणसं म्हणाली हे त्याचं रक्त. पुण्याच्या आघारकर संस्थेने पाणी तपासलं, तर खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव निघाले, पाणी आटून खारटपणा वाढला की ते वाढतात आणि रंग देतात. ते जीव तळाशी बसले की वरचं पाणी परत स्वच्छ. मला दोन्ही गोष्टी जवळच्या वाटतात, कमळजा देवीच्या देवळाकडे उतरताना अजूनही आपसूक हात जोडले जातात.

*

रत्नागिरीकडची खाडी. काका रात्री मासे घेऊन यायचा, त्याचा नियम एकच, पाण्याकडून हाक आली तर ओ द्यायची नाही, गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत, मासे मागतो. मी आठवीत असताना एकदा त्याच्याबरोबर होतो, ओहोटीची वेळ, चिखलातून आम्ही दोघं, आणि मागून तिसऱ्याच्या पावलांचा चुबुक चुबुक आवाज. आम्ही थांबलो की थांबायचा. काकाने टोपलीतली एक बोय मागे टाकली, वळला नाही, मलाही वळू दिलं नाही. त्यानंतर आवाज नाही आला.

*

धागाकर्ती इकडे : बोय टाकल्यावर पाण्यात पडल्याचा आवाज आला होता का?

*

नाही आला. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. काका ८१ वर्षांचा आहे, अजून टुणटुणीत, उद्या फोन करून विचारतो.