स्क्रूजचे मन बदलले, की तो केवळ मरणाला भ्याला?

प्रश्न (वाचक, दारव्हा तालुका)
आमच्या गावच्या वाचनालयात कापूस वेचणीच्या दिवसांतही शनिवारी रात्री सामूहिक वाचन होते. या महिन्यात चार्ल्स डिकन्स यांची १८४३ सालची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ ही कथा मराठीतून वाचून दाखवली. तीत कंजूष सावकार स्क्रूजला तीन आत्मे एकामागून एक भेटतात आणि त्याचा भूतकाळ, वर्तमान व भविष्य दाखवतात. तेव्हा एका वयोवृद्ध शेतकऱ्याने विचारले की, स्वतःची कबर पाहून ज्याचा हात सैल सुटला, त्या स्क्रूजचे मन बदलले म्हणायचे, की तो फक्त मरणाला भ्याला? मला नीट उत्तर देता आले नाही.

उत्तर १
भाऊ, कबर शेवटी येते. स्क्रूज त्याच्या पुष्कळ आधी हललेला आहे. पहिला आत्मा त्याला त्याच्या जुन्या शाळेत नेतो. तिथे बाकी मुले सुट्टीत घरी गेल्यावर एकटेच पुस्तक वाचत बसलेले आपले लहानपण पाहून तो रडतो आणि आदल्या रात्री दारात गाणे म्हणणाऱ्या मुलाला काहीतरी द्यायला हवे होते, असे बाहीने डोळे पुसत म्हणतो. पुढे जुना मालक फेझिविग दिसताच त्याला स्वतःचा कारकून आठवतो, ज्याला तो आठवड्याला १५ शिलिंग देतो आणि भर थंडीत शेकोटीत जादा कोळसाही घालू देत नाही. इथवर त्याला स्वतःची कबर दिसलेलीही नसते.

उत्तर २
पहिले उत्तर देणाऱ्या ताईंचे म्हणणे मला पटते, तरी भीतीला मी कमी लेखणार नाही. मात्र स्क्रूजला हादरवणारी गोष्ट केवळ मरण नसून आपल्या मरणाने कोणाला काय वाटले, ही आहे. या मृत्यूने कोणाचे मन हलले असेल तर ते दाखव, अशी विनवणी तो करतो, तेव्हा शेवटचा आत्मा त्याला त्याच्याच एका कर्जदार जोडप्याच्या घरी नेतो. आठवड्याची मुदत मागायला गेलेला नवरा सावकार गेल्याची बातमी घेऊन परततो आणि आज रात्री आपल्याला निश्चिंत झोप लागेल, असे बायकोला सांगतो. माझे आजोबा पेरणीसाठी दिढीने ज्वारी आणत, म्हणजे एक पोते नेले की सुगीला दीड पोते घालायचे. त्यामुळे त्या घरातला सुटकेचा श्वास मला ऐकू आल्यासारखा वाटला. डिकन्स यांनाही हे दुःख ठाऊक होते. १८२४ साली त्यांचे वडील कर्जापायी तुरुंगात गेले आणि १२ वर्षांच्या चार्ल्सला बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात काम करावे लागले.

उत्तर ३
मला एक उणीव जाणवते. शेवटी स्क्रूज कारकुनाच्या घरी मेजवानीसाठी टर्की पक्षी पाठवतो, त्याचा पगार वाढवतो, गरिबांसाठी देणगी देतो; त्या जोडप्याचा मात्र पुन्हा उल्लेखही येत नाही. सावकाराचे मनपरिवर्तन मी तरी त्याच्या कर्जाच्या वहीवरूनच मोजीन.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. येत्या शनिवारी कर्जदार जोडप्याचा तो प्रसंग पुन्हा वाचणार आहे आणि वहीचा मुद्दा आधी त्या वयोवृद्ध शेतकऱ्यापुढेच ठेवणार आहे.