मदत हवी आहे: २००५च्या स्प्लेंडरचं इंजिन ऑइल दुधाळ होतंय

नमस्कार. आमच्याकडे २००५ची स्प्लेंडर प्लस आहे, बाबांची. ९७.२ सीसीचं साधं एअर कूल्ड इंजिन, बोअर-पिस्टनला आजवर हात लागलेला नाही. आम्ही आंबोलीत राहतो. पावसाळ्यात गाडी घर ते दुकान एवढीच फिरते, एका वेळी जेमतेम दोन किलोमीटर.

मागच्या महिन्यात डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची झाकणाची काडी) काढली तर तिला पांढरट-पिवळा लगदा चिकटलेला, ताज्या लोण्यासारखा. ऑइलची पातळीही वरच्या खुणेच्या वर गेलेली, आम्ही तर टॉपअप केलंच नव्हतं. सगळं ऑइल सोडलं, तर दूध जास्त झालेल्या चहाचा रंग. नवं १०डब्ल्यू-३० भरलं आणि बारा दिवसांत परत तेच, थोडं फिकट एवढंच.

जे करता आलं ते करून पाहिलं. सोडलेल्या ऑइलमधून लोहचुंबक फिरवला, चुरा नाही. पेट्रोलचा वास नाही. धूर नाही, आवाज नेहमीचाच. चमच्यात चार थेंब घेऊन खालून तापवले तर चांगलेच तडतडले, म्हणजे पाणी आहे हे नक्की.

मेकॅनिक म्हणतो, हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) गेलंय, इंजिन खोलावं लागेल, तोवर डिझेल टाकून फ्लश करू. बाबांचा याला ठाम नकार आहे. एकवीस वर्षं न खोललेलं इंजिन उगाच खोलायचं माझ्याही जिवावर येतंय. पण पाणी येतंय कुठून? जाणकारांनी कृपया सांगावं. तोवर गाडी चालवावी का?

प्रतिसाद १

इंजिन खोलू नका. ऑइलमध्ये पाणी दिसलं की गॅस्केट, हा हिशोब रेडिएटरवाल्या गाड्यांचा. तुमचं इंजिन हवेने थंड होतं, त्यात कूलंट (थंड करणारं पाणी) नाहीच, तर गॅस्केटमधून पाणी येणार कुठून?

पहिला संशय छोट्या फेऱ्यांवर घ्या. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून जातं, पण थोडी वाफ पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे ऑइल असतं त्या भागात, उतरते. इंजिन नीट तापलं तर ती ब्रीदरमधून (वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) निघून जाते. दोन किलोमीटरमध्ये, त्यातही आंबोलीच्या गारठ्यात, ऑइल तापतच नाही. वाफ आत थिजते आणि ऑइलमध्ये घुसळली जाते.

मात्र नुसत्या वाफेने डिपस्टिकपाशी फेस येतो. सगळं ऑइल दुधाळ होऊन पातळी वाढणं म्हणजे बाहेरूनही पाणी शिरतंय. गाडी पंपाने धुता का? डिपस्टिकचं ओ-रिंग (झाकणाखालचं रबरी कडं) शेवटचं कधी बदललं? ब्रीदरचा पाइप जागेवर आहे का? साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि डिपस्टिकची बाजू वर येते, हे लक्षात घ्या.

एक ऑइल बदलून भागत नाही, कारण या इंजिनाला कागदी फिल्टर नाही. क्लच कव्हरच्या आत क्रँकवर फिरणारं फिल्टर असतं, शिवाय खाली जाळी. फिल्टरमध्ये चिखल साचून राहतो आणि नवं ऑइलही खराब करतो. कव्हर काढून दोन्ही साफ करा, कव्हरचं गॅस्केट नवं घाला. हे इंजिन खोलणं नव्हे, तासाभराचं काम आहे. डिझेल अजिबात नको. ते थोडंफार आत राहतंच आणि नवं ऑइल पातळ करतं. त्याऐवजी त्याच ग्रेडचं स्वस्त ऑइल भरून अर्धा तास फिरवा आणि गरम असतानाच सोडा. हे होईपर्यंत गाडी बंद ठेवा. पाणी मिसळलेल्या ऑइलवर कॅमशाफ्ट आणि बेअरिंग झिजतात, आणि मग इंजिन खरंच खोलावं लागतं.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. डिपस्टिक बघताना ती न आवळता नुसती टेकवून बघायची, गाडी मेन स्टँडवर. आवळून बघितलं तर पातळी उगाच जास्त दिसते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पातळी आवळूनच बघत होतो, त्यामुळे थोडा फरक तिथलाही असणार. पण ओ-रिंग हातात आलं ते प्लास्टिकसारखं कडक, एका जागी चिरलेलं. आणि मुलगा दर रविवारी गाडी साइड स्टँडवर लावून पाइपचा जोर थेट इंजिनावर धरतो, हे आता कळलं. फिल्टरमधून राखाडी मलमासारखा गाळ निघाला, चमचाभर तरी असेल. दोन्ही साफ केलं, ओ-रिंग नवं घातलं, ऑइल दोनदा बदललं.

काल बाबा सावंतवाडीला जाऊन आले. घाट उतरताना इंजिन गारच राहिलं, चढून आल्यावर मात्र हात लावता येत नव्हता. आज सकाळी डिपस्टिकवर ऑइल मधासारखं स्वच्छ आहे, फक्त झाकणाच्या आतल्या कडेला पुसट पांढरी रेघ दिसतेय. ही उरलेल्या वाफेचीच असेल ना, की अजून एकदा ऑइल सोडू?