अनुभव धागा : टीव्ही, मोबाइल आणि आमच्या घरातली लेकरं-बाया

पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं २०२२ साली ग्रामसभेत ठराव केला की अठरा वर्षांखालच्या मुलांनी मोबाइल वापरायचा नाही. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथं संध्याकाळी सातचा भोंगा वाजला की टीव्ही-मोबाइल बंद आणि दीड तास अभ्यास, अशी पद्धत सुरू झाली. दोन्ही गोष्टी आमच्या शाळेच्या पालकसभेत निघाल्या आणि एकच गलका झाला. कोणी म्हणे बंदीच पाहिजे, कोणी म्हणे बंदीनं काय होते. सगळे तासांचा हिशेब करत होते. पडद्यावर नेमकं काय चालतं आणि त्यानं घरात काय बदलतं, यावर मात्र कोणी बोललं नाही.

त्यासाठी हा धागा काढते आहे. मी माध्यमिक शाळेत शिकवते. विदर्भातल्या खेड्यांत राहणाऱ्यांनी, विशेषतः बायांनी आणि मुलींनी, आपल्या घरातलं, वावरातलं, अंगणवाडीतलं लिहावं. सल्ला नको, घडलेलं लिहा. लेकरांची आणि शेजाऱ्यांची नावं टाळा. वऱ्हाडीत लिहिलं तरी चालेल, झाडीबोलीत लिहिलं तरी चालेल.

अंगणवाडी सेविका, घाटंजी तालुका

माझ्याकडे दरवर्षी अडीच-तीन वर्षांची अशी लेकरं येतात की ज्यांना इंग्रजी गाण्यातले रंग पाठ असतात, पण तहान लागली तर 'पाणी' म्हणत नाहीत. बोट धरून माठाजवळ नेतात. आई कौतुकानं सांगते, "ताई, लय हुशार आहे, मोबाइल सोताच लावते." वेचणीच्या दिवसांत आई-बाप सकाळीच वावरात जातात, लेकरू आजीजवळ. आजीचे गुडघे दुखतात, त्याच्यामागं धावणं होत नाही. फोन दिला की ते एका जागी बसते. यात आजीला काय दोष द्यायचा?

लेकरू बोलायला शिकतं ते समोरचं माणूस त्याला उत्तर देतं म्हणून. ते 'बा' म्हणालं की आपण म्हणतो, "बाबा पाहिजे? बाबा वावरात गेले," आणि ते पुढं काय म्हणते याची वाट पाहतो. कार्टून वाट पाहत नाही. एक संपलं की दुसरं आपोआप लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या लेकराला दिवसाला एक तासाच्या वर नको. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांखाली पडदा नको असंच सांगते. हे मी पालक मेळाव्यात सांगते, पण नुसत्या आकड्यांनी आजीचं काम हलकं होत नाही.

म्हणून मेळाव्यात आम्ही घरातल्याच वस्तू मांडतो. झाकणाचे डबे, चाळणी, मक्याचं कणीस, जुनी ओढणी. एका आजीला म्हटलं, तूर निवडायला बसता तेव्हा त्याला समोर बसवा आणि तुम्हाला येतात ती गाणी म्हणा. तिला भुलाबाईची कितीतरी गाणी येत होती. ओळीचा शेवटचा शब्द ती मुद्दाम सोडायची, मग ते लेकरू तो म्हणायला लागलं. आता अंगणवाडीत पाय ठेवल्याबरोबर "मॅडम, कुत्रं आलं" असं ओरडून सांगते.

एक मात्र नक्की लिहिते. दर वेळी मोबाइललाच जबाबदार धरू नका. हाक मारल्यावर लेकरू वळून पाहत नसेल, नजरेला नजर देत नसेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं त्यांना दाखवा, कान तपासून घ्या. मोबाइल बंद केला की होईल बरं, या आशेवर वर्ष निघून जातं.

उमेदची (सरकारच्या बचत गट अभियानाची) सीआरपी म्हणजे गावातली कार्यकर्ती, देवळी तालुका

आमच्या बचत गटाची बैठक पूर्वी संध्याकाळी सातला असायची. एका मालिकेची वेळ तीच, म्हणून बैठक दुपारवर आली. मी मालिकांना नावं ठेवत नाही. दिवसभर निंदण करून आलेल्या बाईला टेकायला मिळतं ते त्या निमित्तानं. पण एका सदस्याच्या घरी सासूनं भांडणात मालिकेतल्या सुनेचं नाव घेतलं, "ते पाय कशी सारं सोसते." तेव्हा ठरवलं की यावर बसून बोलायचं.

एक भाग सगळ्यांनी मिळून पाहिला. मी फक्त प्रश्न विचारले. या बाईचं बँकेत खातं आहे का? घर कोणाच्या नावावर आहे? ती कामाला जाते म्हणतात, पण काम करताना कधी दिसली? पाणी कोण भरतं? बाया आधी हसल्या. मग एक म्हणाली, "इनं साऱ्या भागात पैशाले हात नाही लावला." दुसरी म्हणाली, "वाईट बाई हाय ना, तिलेच धंदा येते, हिशेब येते. चांगलीले काहीच येत नाही."

हे मला कुठल्या प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं. हिशेब येणारी बाई कपटी आणि मुकाट राहणारी बाई चांगली, हे रोज रात्री घरात येत असेल, तर गटाचं कर्ज स्वतःच्या सहीनं उचलणाऱ्या बाईकडे तिचं घर कोणत्या नजरेनं पाहील? आम्ही मालिका बंद केल्या नाहीत. पण आता भाग संपला की बाया त्यावर बोलतात आणि सुना सासवांसमोर बोलतात, हे माझ्या दृष्टीनं फार मोठं आहे.

दुसरी गोष्ट रंगाची. उन्हात कापूस वेचणाऱ्या पोरी रील पाहून बाजारातून गोरं करणारं क्रीम आणतात, डबीवर ना घटक ना बनवणाऱ्याचा पत्ता. अशा काही क्रीममध्ये पारा असतो आणि त्यानं मूत्रपिंडं बिघडतात. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींना असा त्रास झाल्याची बातमी २०२३ साली आली होती. ती बातमी मी गटात वाचून दाखवली. लग्न ठरलेल्या एका पोरीनं डबी तिथंच आणून दिली.

शेतकरी महिला, वाशीम जिल्हा

मी बोलून राह्यली, माई पोरगी लिहून राह्यली. पोरीचा बाप गेला तवा घरात पाहुणे होते, मले काई सुचत नव्हतं. टीव्हीवाले आले. म्हणे फोटोजवळ बसा. मंग म्हणे पदर घ्या डोक्यावर. मंग म्हणे पोरीले जवळ घ्या आन् कर्ज किती होतं ते सांगा. मी रडली. त्याहिनं ते अजून एकदा करून घेतलं, आवाज बरोबर आला नाही म्हणे.

ते टीव्हीवर आलं, मंग मोबाइलवर फिरलं. पोरगी शाळेत गेली त पोट्टे तिले दाखोत, "हे पाय तुई माय." ते शाळेत जायचं नाव घेत नव्हती.

त्याच्यानंतर बी पोळा आला, दिवाळी आली का कोणी ना कोणी येते. त्याईले मी रडतानाच पाह्यजे. मी आता वावर सोता करते. सोयाबीन, तूर, चार शेळ्या. सातबारा माया नावावर चढवाले किती चकरा माराव्या लागल्या ते कोणी इचारत नाही. यंदा एक जण आला त मी म्हटलं, फोटो काढाचा असन त वावरात चाला आन् सातबाऱ्याची गोष्ट लिहा. पोरीचा फोटो नाही भेटणार. तो गेला. मले चाललं.

टीव्हीवर आमच्यासारखी बाई रडतानाच दिसली त गावातल्या लोकायलेही वाट्टे का इनं रडतच राह्यलं पाह्यजे. मी नवं लुगडं नेसली का लोक पाह्यतात. हे त्या टीव्हीनं शिकवलं का गावानं, मले सांगता येत नाही. दोघाईनं मिळून शिकवलं असन.

तालुक्याचा वार्ताहर, त्याच जिल्ह्यातून

ताई, तुमचं वाचलं. भारतीय प्रेस परिषदेनं २०१९ साली आत्महत्येच्या बातमीसाठी सूचना स्वीकारल्या. बातमी ठळक जागी लावू नये, पद्धत सांगू नये, फोटो आणि चित्रफिती वापरू नयेत. तरी वरून पहिला फोन येतो तो फोटोसाठी. मी आता माणूस गेल्याच्या दिवशी घरी जात नाही. वारस नोंद, सानुग्रह मदत, पीककर्ज यांचं पुढं काय झालं ते काही महिन्यांनी जाऊन लिहितो. त्या बातम्या लहान छापतात, पण त्या वाचून दोन बाया तहसीलमध्ये कागद घेऊन गेल्या. बातमीखाली टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही टाकायला लावतो. तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

बारावीची विद्यार्थिनी, बुलढाणा जिल्हा

गावात मोबाइलचा विषय निघाला की सगळ्यांचा डोळा आधी आम्हा मुलींवर जातो. मी सायन्सला आहे. गावात क्लास नाही. फिजिक्सचे कितीतरी धडे मी व्हिडिओ पाहून समजून घेतले. आमच्या गावात बान्सीसारखा ठराव झाला तर भावाचा फोन राहील आणि माझा जाईल, हे मी आत्ताच लिहून देते.

कारण असं झालेलं मी पाहिलं आहे. माझ्या मैत्रिणीचा लग्नातला फोटो कोणीतरी उचलला आणि घाणेरडं गाणं लावून त्याचं रील केलं. ते गावभर फिरलं. घरातला पहिला निर्णय काय, तर तिचा फोन काढून घ्या आणि शाळा बंद करा. फोटो तिनं काढला नव्हता, टाकला नव्हता. तिच्याकडून फोन घेतल्यानं टाकणाऱ्याचं काय बिघडणार होतं?

तिची मावशी आशा वर्कर आहे. तिनं आणि आमच्या मॅडमनी घरच्यांना थांबवलं. रीलची लिंक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवले, रागाच्या भरात काही डिलीट केलं नाही. ठाण्यात तक्रार दिली. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर बायका-मुलांबद्दलच्या अशा मजकुराची तक्रार नाव न सांगताही करता येते, हे आम्हाला तेव्हा कळलं. ती अठराच्या आतली, म्हणून मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवरही बोललो. रील उतरलं, टाकणारा सापडला, आणि मैत्रीण परीक्षेला बसली. ज्यांच्या घरी असं होईल त्यांनी पोरीला आधी विचारा, तुला काय पाहिजे. तिला शाळाच पाहिजे असते.

आशा, धारणी तालुका

२०२१ मध्ये लसीबद्दल मोबाइलवर काय काय फिरत होतं, आठवलं तरी अंगावर काटा येतो. लोक आम्हाला पाहून जंगलाकडं निघून जात. पोस्टर मराठीत, कॉलर ट्यून हिंदीत. आमच्या माणसांनी ऐकलं ते कोरकूत, आमच्या आदिवासी बोलीत, बोललेल्या व्हिडिओंचं, कारण बोलणारं माणूस ओळखीचं होतं. ज्या मोबाइलनं भीती आणली त्यावरूनच ती गेली.

तेव्हापासून एक गोष्ट मला खुपते. आमची लेकरं पडद्यावर मराठी ऐकतात, हिंदी ऐकतात, कोरकू कधीच नाही. त्यांना वाटतं ही बोली फक्त घरात दबक्या आवाजात बोलायची. आता आम्ही म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी फोनमध्ये रेकॉर्ड करून घेतो. वरच्या गावांत नेटवर्क नाही, तिथं मेमरी कार्डात भरून नेते. आजीचा आवाज फोनमधून आला की लेकरं आधी आजीकडं पाहतात, मग फोनकडं.

प्राथमिक शिक्षक, साकोली तालुका

आमच्याकडे दिवाळी ते होळी झाडीपट्टीच्या नाटकांचे दिवस. पाहुणे येतात, रात्रभर सगळं घर मिळून नाटक पाहतं आणि सकाळी त्यावर वाद घालतं. लेकरं त्या वादात ऐकून ऐकून खूप शिकतात. मोबाइलवर हे घडत नाही, कारण प्रत्येक जण आपापलं पाहतो. म्हणून वर्गात मी आधी 'काय पाहिलं ते सांग' हा तास ठेवला. कोणी काहीही पाहिलेलं असो, सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे.

बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंक बालभारतीनं संकेतस्थळावर फुकट ठेवले आहेत. मी ते उतरवून घेतो, पाच-सहा पानं छापून गावात फिरवतो. पालकांना सांगतो की फोनमध्ये एकामागून एक व्हिडिओ आपोआप लागणं बंद करता येतं, ते आधी करा. नाटक-सिनेमाला नेतो तसं फोनवरचंही निवडून दाखवा. नोव्हेंबर २०२४ पासून सिनेमाच्या प्रमाणपत्रावर ७+, १३+, १६+ असे वयाचे गट येतात, ते पाहायची सवय लागली पाहिजे.

शेतकरी, अकोट तालुका

पोरांचं सांगतो. पैसे लावायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा करून बंदी आणली, पण गावातल्या पोरांना संध्याकाळी जायला जागाच नसेल तर ते दुसरं काही शोधणारच. चौकात बसून बंदुकी अन् गाड्यांचे रील पाहायचे, भाई-भाई करायचं. आम्ही काही बापांनी ग्रामपंचायतीकडून शाळेच्या मैदानावर लाइट लावून घेतले. आता रोज रात्री कबड्डी असते. खेळायला येणाऱ्यानं फोन टोपल्यात ठेवायचा, मोठ्या माणसांनीही.

धागाकर्ती

भाऊ, फार चांगलं काम केलं. मुलींना मैदान कधी मिळतं?

शेतकरी, अकोट तालुका

मॅडम, तुमचा प्रश्न परवा सगळ्यांसमोर वाचून दाखवला. सहा ते सात मैदान मुलींचं ठरलं, खो-खोसाठी. खांब रोवायचे राहिले आहेत. मैदानाजवळ संडास नाही म्हणून मोठ्या मुली यायला कचरतात, असं माझ्या पुतणीनं सांगितलं. तो विषय येत्या महिला सभेत घ्यायला लावला आहे, आणि तो ती स्वतः मांडणार आहे.