मागच्या दाराचा पोचा आणि गंज घरी काढता येईल का?

दांडिया_बाजार: डेंटिंग-पेंटिंग शिकायचंय. सुरुवात स्वतःच्याच गाडीच्या मागच्या दारापासून करतोय: तळहाताएवढा पोचा, खालच्या कडेला गंजाचे फोड, रंग सिल्व्हर मेटॅलिक. २४ लिटरचा कॉम्प्रेसर आहे. बडोद्यात पाऊस चालू आहे, आत्ता काय काय उरकता येईल?

पत्राकाम: आधी गंज बघा. दाराच्या तळाला पाणी निघायची बारीक भोकं असतात. काचेच्या रबरातून उतरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. भोकं मातीने बुजली की ते साचून पत्रा आतून खातं. म्हणून बाहेर फोड दिसेपर्यंत आत बरंच नुकसान झालेलं असतं. स्क्रूड्रायव्हरने फोड टोचा. आरपार गेला तर तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, भोकावर लांबी (पोचा भरून सपाट करायची पुट्टी) भरायची नाही. आरपार नसेल तर चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा पहिला थर) लावा. या हवेत उघडा पत्रा लगेच तांबूस पडतो. भोकंही मोकळी करा, नाहीतर सगळी मेहनत वाया.

पोच्यासाठी दाराचं आतलं पॅड काढा. आतून डॉलीने (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) खोलगट भाग रेटून धरा आणि बाहेरून कडेचा उंचवटा हलक्या हातोडीने बसवत या. मधोमध जोरात ठोकलं की पत्रा ताणला जातो, मग दाबल्यावर टकटक वाजतो.

दांडिया_बाजार: लांबीत हार्डनर किती? आणि ती पाणी मारून घासायची ना?

गन_१_३: हार्डनर, म्हणजे लांबी घट्ट करणारं रसायन, वजनाने साधारण २ टक्के, १०० ग्रॅमला २ ग्रॅम. जास्त झाला तर त्यातलं पेरॉक्साइड वरच्या रंगात डाग पाडतं, कमी पडला तर लांबी चिकट राहते. थर २-३ मिलिमीटरच्या आत ठेवा. घासायची कोरडीच: ८०, १८०, ३२० नंबरच्या पेपरने. पॉलिएस्टर लांबी पाणी पिते आणि तेच पाणी पुढे रंगाखाली फोड आणतं. पाणीपेपर, ६०० आणि मग ८००, फक्त वरच्या टूके (हार्डनर मिसळून लावायच्या) प्रायमरवर.

टूके प्रायमर आणि क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर), दोन्हींच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा लागू शकतो. कापडी मास्क बिलकुल उपयोगाचा नाही. म्हणून प्रायमर छोट्या फोम रोलरने लावा, हातमोजे घालून, मोकळ्या हवेत. आत्ता पावसात इथपर्यंतच या, तेही कोरडा दिवस बघून. दमट हवेत थिनर उडताना रंग थंड होतो, त्यावर बाष्प धरतं आणि पांढरट झाक येते.

स्प्रे गनचा हात भंगारातल्या बॉनेटवर बसवा, साध्या बेस कोटने (हार्डनर नसलेला रंगाचा थर), ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क लावून. १.३ मिलिमीटरचं नोझल, अंतर १५-२० सेंटिमीटर, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर चढवायचा. मनगट फिरवू नका, अख्खा हात समांतर न्या. मेटॅलिक जाड ओलं मारलं की कण वाहतात आणि ढगाळ पट्टे दिसतात. २४ लिटरवर मोठ्या गनचा दाब मध्येच पडतो आणि थेंब जाड होतात. कमी हवेवर चालणारी छोटी गन घ्या.

पत्राकाम: दाराचा बेस आणि क्लिअर मात्र बूथमध्येच (रंग फवारायची बंद खोली) मारून घ्या, हवेच्या नळीचा मास्क वापरणाऱ्याकडून. सिल्व्हर गाडीच्या रंगाच्या कोडप्रमाणे आणला तरी शेजारच्या पत्र्याशी तंतोतंत जुळत नाही. बेस पुढच्या दारावर विरवत न्यायला आणि दोन्ही दारांवर पूर्ण क्लिअर द्यायला सांगा.