कवाय लेनर्ड : १९० विरुद्ध १४१ हा हिशेबच चुकीचा

३ जुलै २०१९, मिसिसागा

नमस्कार मंडळी,

एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या टोरांटो रॅप्टर्सशी कवायचा करार संपलाय. त्यानं टोरांटोतच राहावं असं मलाही मनापासून वाटतं. पण ‘इथे पाच वर्षांचे १९० मिलियन, बाहेर चार वर्षांचे १४१, मग प्रश्नच कुठे येतो’ हे म्हणणं टिकत नाही. यंदाची सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा) १०९.१४ मिलियन डॉलर. त्याची लीगमध्ये आठ वर्षं झाली, म्हणून कमाल पगार कॅपच्या ३०%, म्हणजे ३२.७४ पासून सुरुवात. रॅप्टर्स दरवर्षी ८% वाढ देऊ शकतात, बाकीचे ५%. ती चक्रवाढ नसते, पहिल्या वर्षाच्या पगारावरच धरतात. आता चारच वर्षं शेजारी मांडा : १४६.७ आणि १४०.८. सहा मिलियनचाही फरक नाही! बाकीचे ४३ पाचव्या वर्षाचे, आणि त्या वर्षी तो दुसरीकडेही कमावणारच.

त्याच्या सोयीचा करार म्हणजे दोन वर्षं आणि तिसऱ्याला प्लेयर ऑप्शन, म्हणजे राहायचं की मोकळं व्हायचं हे तो ठरवणार. २०२१ मध्ये दहा वर्षं भरतात, मर्यादा ३५% होते. कॅप आहे तेवढीच राहिली तरी नव्या कराराची सुरुवात आजच्या ३२.७४ पेक्षा साडेपाच मिलियननं वर.

३ जुलै, ब्रॅम्प्टन

दादा, हिशेब पटला. पण हाच करार त्याला लॉस एंजेलिसमध्येही मिळेल ना? तो मोरेनो व्हॅलीत वाढलेला, घर तिकडे. शिवाय ऑन्टॅरिओत कराचा वरचा दर ५३.५३%.

४ जुलै, मिसिसागा

ताई, कॅलिफोर्नियात फेडरल ३७ आणि राज्याचे १३.३ मिळून ५०.३ होतातच, वर मेडिकेअर. करापायी कोणी टोरांटो सोडावं एवढी ती तफावत नाही.

खरी मेख बर्ड राइट्सची आहे, म्हणजे कॅप ओलांडूनही आपल्याच खेळाडूला करार देण्याच्या संघाच्या हक्काची. ट्रेडमध्ये (संघांमधल्या अदलाबदलीत) ते खेळाडूबरोबर येतात, म्हणून रॅप्टर्सकडे ते पूर्ण आहेत : २०२१ मध्येही पाच वर्षांचा करार देता येईल. नव्या संघात दोन वर्षांनी फक्त ‘अर्ली बर्ड’, म्हणजे त्याच हक्काचा तोकडा प्रकार, मिळतात. पगार तेवढाच, पण जास्तीत जास्त चार वर्षं. मांडीच्या दुखण्यामुळे २०१७-१८ मध्ये जेमतेम नऊ सामने खेळलेल्या माणसाला ते पाचवं वर्ष मोलाचं आहे.

त्याच दुखण्यासाठी इथे त्याला नियमित हंगामातल्या ८२ पैकी ६० सामनेच खेळवले, आणि नंतरच्या प्लेऑफचे (बाद फेऱ्यांचे) सगळे २४ तो खेळला, सरासरी ३०.५ गुणांनी. लॉस एंजेलिसच्या लेकर्सकडे हे कसं जमणार? त्यांचा लेब्रॉन जेम्स ३४ वर्षांचा, त्यालाही विश्रांती हवी. अँथनी डेव्हिसला आणायला इन्ग्रम, बॉल, हार्ट हे खेळाडू दिले. कवायला कमाल पगार दिल्यावर बाकीची फळी किमान पगारावर आणि सुमारे ४.८ मिलियनच्या एका एक्सेप्शनवर (कॅप ओलांडून खेळाडू घ्यायच्या सवलतीवर) उभी करायची. कवाय निर्णय लांबवतोय तोवर कामाचे खेळाडू दुसरीकडे शब्द देऊन मोकळे होताहेत.

धास्ती वाटते ती लॉस एंजेलिसच्याच दुसऱ्या संघाची, क्लिपर्सची. ४८ सामने जिंकलेला संघ, लू विल्यम्स आणि हॅरेल दोघे मिळून १४ मिलियनमध्ये. त्यांना दुसरा तारा लागेल, तो ट्रेडनेच. गॅलिनारीचा २२.६ मिलियनचा करार पगार जुळवायला हाताशी आहे, मायामीचा २०२१ चा पहिल्या फेरीचा पिकही (नवा खेळाडू निवडायचा हक्क).

मॉरेटोरियम, म्हणजे करारांवर सह्या करता येत नाहीत तो काळ, ६ तारखेला दुपारी बारापर्यंत आहे. तोवर तोंडी होकार आला तरी सही झालेली नसते, हे लक्षात असू द्या.