मदत हवी आहे: नदी संपते तिथून घरी यायचं कसं?

नमस्कार मंडळी,

नदीत कुठे उतरायचं, वल्हं कसं मारायचं यावर वाचायला भरपूर मिळतं. पाच दिवस कयाक चालवून जिथे बाहेर पडतो, तिथून घरी कसं यायचं यावर मात्र कोणी धड बोलत नाही.

आम्ही तिघं. दोन कडक प्लॅस्टिकच्या कयाक, एक हवेची. गाडी एकच. पाण्याने अंतर साधारण ९० किमी. मधले तीन दिवस दोन्ही बाजूंना कडे, वस्ती नाही, मोबाइलला रेंज नाही. बाहेर पडायचं ते एका पुलापाशी. तिथे दिवसातून एकच बस थांबते, तीही सकाळी. रस्त्याने परत वर जायचं तर डोंगराला वळसा, २३० किमी.

गेल्या वेळी दुसऱ्या नदीवर आमच्याकडे दोन गाड्या होत्या. एक खाली लावली, दुसरीने वर गेलो. चौथ्या दिवशी संध्याकाळी ओलेचिंब खाली पोचलो, गाडी समोर उभी, आणि तेव्हा आठवलं की हिची किल्ली वरच्या गाडीत राहिली. माझ्या कोरड्या पँटच्या खिशात. ‘हरवू नये म्हणून’ मीच ठेवली होती. काचेतून मागच्या सीटवर घडी घातलेले टॉवेल दिसत होते. रात्र गाडीच्या आडोशाला, कयाक उलट्या घालून काढली.

तर आता: गाडी वर ठेवू की खाली? घरच्यांना परतीची वेळ काय सांगू, आणि उशीर झाला तर कळवू कसं? शिवाय एक जण तिथूनच परस्पर विमानाने जाणार आहे. त्याच्या बोटीचं काय करायचं?

प्रतिसाद १

गाडी खाली. यात दुसरा विचारच नको. आधी तिघं गाडीने पुलापाशी जा, ती तिथे लावा, आणि भाड्याची जीप तिथूनच घेऊन वर जा. वर किती वाजता पोचणार हे तुम्हाला पक्कं माहीत असतं, त्यामुळे जीपवाल्याला वेळ देता येते. खाली कधी पोचाल ते पाण्यावर आणि वाऱ्यावर. तो पुलावर वाट बघत बसला आणि तुम्ही एक दिवस उशिरा आलात, तर तो निघून गेलेला असतो आणि त्यात त्याची काही चूक नसते.

पुलाखालची सपाट वाळू गाडी लावायला मोहात पाडते. ते नदीचं पात्र आहे. वर पाऊस झाला किंवा धरणातून पाणी सोडलं तर गाडी तुमच्याआधी पुढे निघेल. काठावर जुन्या पुराचा काडीकचरा कुठपर्यंत अडकलाय ते बघा आणि त्याच्या बऱ्याच वर लावा.

किल्ली एकाकडे, जादाची दुसऱ्याकडे, वेगवेगळ्या बोटींत. नुसत्या खिशात नाही, झाकण घट्ट बसणाऱ्या डबीत, आणि डबी बोटीच्या आत दोरीने बांधलेली. बटणाची किल्ली भिजली की गाडी उघडेलच असं नाही.

प्रतिसाद २

वेळेबद्दल. घरच्यांना दोन वेळा लिहून द्या. एक, तुम्ही पोचणार असं तुम्हाला वाटतं ती. दुसरी, ‘यानंतर आमचा निरोप नसेल तर मदतीला फोन करा’ ही. दोन्हींत किमान एक पूर्ण दिवस असू द्या. सोबत नकाशा, मुक्कामाच्या संभाव्य जागा, बोटींचे रंग आणि गाडीचा नंबर. शोधणाऱ्यांना बोटीचा रंग फार उपयोगी पडतो. तुमच्या हिरव्या असतील तर काही भडक बांधा.

आणि उपकरणांत गल्लत करू नका. ४०६ मेगाहर्ट्झवर चालणारा आणीबाणीचा बीकन फक्त ‘जीव धोक्यात आहे’ एवढंच कळवतो. ‘एक दिवस उशीर, सगळे ठीक’ हे त्यावर सांगता येत नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंनी संदेश जाणारा सॅटेलाइट मेसेंजर लागतो. तो भाड्यानेही मिळतो.

धागाकर्ता

मेसेंजर कड्यांच्या मधून चालतो का?

प्रतिसाद २

चालतो, पण रुसतो. बरेच मेसेंजर इरिडियम या कंपनीच्या उपग्रहांवर चालतात. तिचे ६६ उपग्रह पृथ्वीभोवती फिरत असतात. कड्यांमधून आभाळाची चिंचोळी पट्टी दिसत असेल तर त्यातला एखादा डोक्यावर येईपर्यंत थांबावं लागतं. कड्याच्या पोटाशी बसून बटण दाबत राहू नका. समोरच्या वाळूच्या पट्ट्यावर उघड्यावर ठेवा, अँटेना आभाळाकडे, आणि चूल पेटवायला लागा. निरोप जेवण होईपर्यंत गेलेला असतो. घरच्यांना आधीच बजावून ठेवा की एखाद्या संध्याकाळी निरोप आला नाही म्हणून लगेच घाबरायचं नाही. नाहीतर हे यंत्र चिंता कमी करण्याऐवजी वाढवतं (स्वानुभव).

प्रतिसाद ३

गाडी लावायला जाल तेव्हा पुलापाशी खाली पाण्यापर्यंत उतरा आणि वरच्या दिशेला तोंड करून बघा. पाण्यातून येताना सगळं वेगळं दिसतं. वळणानंतर पूल एकदम समोर येतो आणि धार दुसऱ्या काठाला ओढत असेल तर बाहेर पडायची जागा हुकते. काठावरच्या झाडाला भडक रंगाचं कापड बांधा, जाताना काढून न्या. पुलाच्या पुढे काय आहे तेही तेव्हाच बघून ठेवा.

आणि काठ ते गाडी ही चढण हिशेबात धरा. बोटीत दहा लिटर पाणी राहिलं तर दहा किलो जास्त. चढण्याआधी उपडी करून पूर्ण निथळू द्या. पाचव्या दिवशी खांदे गेलेले असतात. त्याच रात्री गाडी दामटू नका, तिथेच झोपा.

प्रतिसाद ४

विमानाने जाणाऱ्याला हवेची बोट द्या, वाद संपला. अडीच मीटरची कडक कयाक बऱ्याच कंपन्या घेतच नाहीत. आंतरराष्ट्रीय विमानांत नेहमीच्या सामानाला सहसा २३ किलो आणि लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंमी एवढी मर्यादा असते. हलका पॅकराफ्ट (घडी करून पाठीवर नेता येणारी हवेची बोट) दोनचार किलोंत बसतो. पण ओली बोट घडी करून भरली तर काट्यावर फरक दिसतो, त्यामुळे शेवटच्या मुक्कामावर पुसून वाळवा. चुलीचा गॅसचा डबा विमानात कुठेच चालत नाही, रिकामा वाटला तरी. पॉवर बँक हातातल्या बॅगेत.

तुमची अडचण जुनी आहे बरं का. म्युनिकच्या एका विद्यार्थ्याने, आल्फ्रेड हॉयरिखने, १९०५ मध्ये घडीची कयाक बनवली आणि १९०७ मध्ये रोझेनहाइमच्या क्लेपर नावाच्या शिंप्याने तिचे हक्क घेतले. लाकडी सांगाडा, वर कापडाची कातडी, सगळं पिशव्यांत. ती चालली याचं मोठं कारण म्हणजे ती रेल्वेत चढवता यायची.

वाळवण्याचं आणखी एक कारण: एका नदीतलं शेवाळ ओल्या सामानातून दुसऱ्या नदीत जातं. न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो नावाचं असंच शेवाळ सापडलं, तेव्हापासून तिथे बोट तपासा, धुवा, वाळवा असं कानीकपाळी ओरडून सांगतात.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. गाडी खाली लावतोय, जीप ठरवली, मेसेंजर भाड्याने घेतला, हवेची बोट विमानवाल्याला. दोन्ही किल्ल्या इतर दोघांकडे राहतील. त्यावर मतदान झालं, दोन विरुद्ध एक.