चिपळूणच्या पुरावर 'कोरडं धरण' हा उपाय होऊ शकतो का?

डेटनकर
मूळचा चिपळूणचा, सध्या अमेरिकेत ओहायोत डेटन शहराजवळ असतो. २२ जुलै २०२१ ला बाजारपेठ पहिल्या मजल्यापर्यंत बुडाली तेव्हापासून एक विषय डोक्यात घोळतोय, तो टाकतो. शिव्या घाला पण आधी पूर्ण वाचा.

डेटन मार्च १९१३ मधे असंच बुडालं होतं, खोऱ्यात ३६० हून जास्त माणसं गेली. लोकांनी सरकारची वाट न बघता स्वतः वर्गणी काढली, आर्थर मॉर्गन नावाचा इंजिनियर धरला आणि १९२२ पर्यंत खोऱ्यातल्या शहरांच्या वरच्या अंगाला, शेतांच्या मधे, पाच मातीची धरणं बांधली. गंमत अशी की त्यात पाणीच नसतं! तळाला काँक्रीटची मोठी मोरी, तिला दारच नाही. नदी एरवी तिच्यातून आरामात वाहते, पूर आला की मोरीतून मावेल तेवढंच पाणी पुढे जातं, बाकीचं मागे शेतात तुंबतं आणि काही दिवसांत आपोआप निघून जातं. दार नाही म्हणून उघडायचं कधी, किती, कोणाच्या आदेशाने, हा घोळच नाही. १९१३ च्या पुरापेक्षा ४० टक्के जास्त पाणी धरून डिझाइन केलंय आणि शंभर वर्षांत शहर परत तसं बुडालेलं नाही.

आपल्याकडची धरणं पावसाळा संपताना भरलेली हवीत म्हणून बांधलेली, पुराला रिकामी जागा हवी. एकाच भांड्यात दोन्ही कसं जमणार? म्हणून म्हणतो, चिपळूणच्या वाशिष्ठी नदीच्या वरच्या ओढ्यांवर अशी छोटी कोरडी धरणं का नकोत?

वाशिष्ठीकाठ
दादा तुम्ही लांब आहात म्हणून सुचतंय असं. चिपळूण तालुक्यात मातीचं धरण म्हटलं की आम्हाला एकच आठवतं, तिवरे. २ जुलै २०१९ ची रात्र, भेंदवाडी झोपायच्या तयारीत होती आणि अख्खी वाडी वाहून गेली. धरण गळतंय म्हणून गावातले लोक आधीपासून सांगत होते, कागद फिरत राहिला. नंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी सांगितलं खेकड्यांनी पोखरलं. लोकांनी मग खेकडे घेऊन आंदोलनं केली. आता त्याच खोऱ्यात अजून मातीचे भराव घाला म्हणून गावात सांगायला कोण जाणार? तुम्ही येता का सुट्टीत?

जुना_ओव्हरसियर
दोघांनाही थोडं थांबवतो, माझी नोकरी अशाच भरावांवर गेली.

खेकड्यांवर हसून उपयोग नाही. खेकडे, घुशी, उंदीर भरावात बिळं करतात हे खरंच आहे आणि ती वेळेवर बुजवणं हे देखभालीचं रोजचं काम आहे. पण बिळं पडली म्हणजे बुजवायला कोणी फिरकलं नाही हाच त्याचा अर्थ, खेकड्याला कारणे दाखवा नोटीस देता येत नाही ना. मातीचं धरण सहसा दोन प्रकारे जातं, एक म्हणजे सांडवा (जादा पाणी बाहेर जायची वाट) अपुरा पडून पाणी माथ्यावरून जातं, दुसरं म्हणजे आतून पाझर सुरू होऊन पाणी मातीचे कण घेऊन बाहेर पडतं. भरावाच्या बाहेरच्या पायथ्याला स्वच्छ पाणी पाझरतंय तोवर फार घाबरायचं नाही, गढूळ यायला लागलं की मात्र पळा.

आता कोरड्या धरणाबद्दल. भराव कायम ओला नाही हा फायदा वाटतो पण उलटी बाजू बघा. आठ महिने उन्हात सुकलेला काळ्या मातीचा गाभा तडकतो आणि त्यावर एका रात्रीत वीस-पंचवीस मीटर पाणी चढतं, म्हणजे दरवर्षी पहिल्यांदाच भरल्यासारखं. पाणी भर्रकन उतरलं की आतली बाजू घसरायची भीती वेगळी, कारण भराव अजून भिजलेला असतो आणि त्याला टेकू देणारं पाणी गेलेलं असतं. शिवाय मोरी! कोकणात अतिवृष्टीत नुसतं पाणी येत नाही, दरड येते, अख्खी झाडं मुळासकट येतात, दोन मोठे आंबे आडवे अडकले की तुमची दार नसलेली मोरी बंद, मग सांडवा धरून ठेवेल तेवढंच.

डेटनकर
ओव्हरसियर काका हेच पाहिजे होतं. इथेही ओंडके अडकतात, पूर ओसरला की काढतात, तपासणी, गवत कापणं, झाड उगवू न देणं, सगळं नियमित. त्यासाठी १९१५ पासून एक स्वतंत्र संस्था आहे, मायामी कॉन्झर्व्हन्सी डिस्ट्रिक्ट. तिचा खर्च ज्यांना फायदा होतो तेच भरतात, खालच्या शहरातले मालमत्ताधारक. चिपळूणच्या व्यापाऱ्यांनी एका पुरात जे गमावलं त्यापेक्षा हे स्वस्तच पडेल की.

हिशोबी
भावनेत नको, आकडे बघूया. समजा १०० चौरस किलोमीटरचं पाणलोट आणि दिवसाला ५०० मिमी पाऊस. जास्त वाटत असेल तर २०२१ च्या पुराच्या आठवड्यातच महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पडला होता. १०० चौ. किमी गुणिले अर्धा मीटर म्हणजे ५ कोटी घनमीटर, पावणेदोन टीएमसी (अब्ज घनफूट). जमिनीत थोडं मुरलं धरलं तरी सव्वा-दीड टीएमसी एका दिवसात खाली येणार, आणि हे फक्त शंभर चौरस किलोमीटरचं.

ओहायोत जमीन पसरट आहे, धरणामागे पाणी मैलोनमैल पसरतं. आपल्याकडे सह्याद्रीचा उतार कडक, दऱ्या अरुंद, तीस मीटर भिंत घातली तरी मागे पाणी थोडंच मावतं. छोटी धरणं म्हणजे छोटा साठा, ती ऐन मुसळधारीच्या आधीच भरून सांडव्यावरून वाहायला लागतील, तेव्हा उपयोग शून्य आणि धोका मात्र पुरा. शिवाय खाली दाभोळच्या खाडीतून भरती चढते त्याचं काय? चिपळूणला वरचं पाणी आणि खालचं पाणी दोन्ही एकत्र भेटतं.

पाऊलवाट
मला एक विचारायचंय डेटनकर दादा, तुमच्या त्या पाच धरणांच्या मागे माणसं राहत नव्हती का? वाचलंय मी थोडं. हफमन धरणाच्या बुडीतात ऑसबॉर्न नावाचं गाव होतं, ते अख्खं गाव, शेकडो घरं उचलून दुसरीकडे नेऊन ठेवली. वरच्या भागातल्या शेतकऱ्यांनी ही धरणं बांधता यावीत म्हणून केलेल्या कायद्याला कडाडून विरोध पण केला होता, की शहर वाचवायला आमची शेतं का? हे तुम्ही मूळ पोस्टमधे लिहिलं नाहीत.

चिपळूणच्या वर कोण राहतं? धनगरवाडे, कुणब्यांच्या वाड्या, दीड-दोन एकर भातखाचरं. कोयनेच्या धरणग्रस्तांचे प्रश्न साठ वर्षांनी सुटले नाहीत तिथे या लोकांनी कशावर विश्वास ठेवायचा? जुलैमधे भात लावलेलं असतं, नेमकं तेव्हाच शेतात पाणी तुंबवणार तुम्ही. तिकडचा पूर मार्चमधला, पेरणीच्या आधीचा. आमचा लावणीच्या हंगामातला.

डेटनकर
ऑसबॉर्नचं खरं आहे, लपवायचं नव्हतं, पोस्ट लांबली असती. पण तिथे घरमालकांना मोबदला मिळाला आणि बहुतेक शेतं खाजगी मालकांकडेच आहेत, त्यांच्यावर पाणी साठवायचा हक्क तेवढा घेतलेला आहे. हे मॉडेल भूसंपादनापेक्षा माणुसकीचं आहे असं मला अजून वाटतं. भाताचा मुद्दा मात्र तगडा आहे, नुकसान दरवर्षी द्यावं लागेल.

सदाशिवपेठी
"दरवर्षी द्यावं लागेल" हे वाक्य मंत्रालयाच्या दारावर लावा.

पुण्याला मातीच्या धरणाबद्दल शिकवू नका ही नम्र विनंती. १२ जुलै १९६१, पानशेत. काम अर्धवट, त्याच पावसाळ्यात पाणी अडवायची घाई, विमोचकाच्या (धरणातून पाणी सोडायच्या) मोरीवरचा भराव खचत गेला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती टाकून काही तास मिळवले म्हणून माणसं तरी वाचली. माती फुटते ती बऱ्याचदा जिथे तिच्यातून काँक्रीट जातं तिथे, आणि तुमच्या कोरड्या धरणाचा सगळा जीवच त्या मोरीत आहे.

दुसरं, हे मॉडेल भारतात आलं नाही असं समजू नका. तुमचे मॉर्गनसाहेब १९३३ मधे टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीचे पहिले अध्यक्ष झाले आणि त्याच ऑथॉरिटीच्या धर्तीवर १९४८ ला आपलं दामोदर खोरं महामंडळ आलं, १९४३ च्या पुरानंतर, मुख्य हेतू पूर नियंत्रण. आराखड्यात जास्त धरणं होती, महामंडळाने बांधली चार, तिलैया, कोनार, मैथन, पंचेत. त्यातल्या मैथन-पंचेतला पूर्ण पातळीपर्यंतची जमीन घेतलीच नाही, म्हणून पुरासाठी राखलेली जागा कागदावर राहिली. बंगालमधे दर पावसाळ्यात "धरणातून पाणी सोडलं" म्हणून भांडण ठरलेलं. रिकामी जागा दिसली की आपल्याकडे ती कोणीतरी वापरतंच, पाण्याने नाहीतर घरांनी. तुमच्या कोरड्या धरणाच्या पोटात पाच वर्षांत फार्महाऊसचे प्लॉट पडतील, 'रिव्हर व्ह्यू' म्हणून.

जुना_ओव्हरसियर
प्लॉटचं हसण्यावारी नेऊ नका, चिपळूणला पूररेषेच्या आत काय काय उभं आहे ते जाऊन बघा.

एक कायद्याचं सांगतो. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू, १० ते १५ मधल्यांना काही अटींवर. त्याखालचे तलाव, बंधारे बाहेर. म्हणजे जी छोटी धरणं डेटनकर मागतायत त्यातली बरीच अशीच राहणार, ना नियमित तपासणी ना कोणी जबाबदार. मी विरोधात नाही, एक मोठं, नीट सांडव्याचं, मोरीसमोर ओंडके अडवायची जाळी असलेलं धरण द्या, चौकीदार द्या, माझी ना नाही. दहा लहान मात्र नकोत.

वाशिष्ठीकाठ
आणि आमच्याकडे धरण नाहीच असं कुठाय, कोयनेचं पाणी वीज काढून झाल्यावर कोळकेवाडी धरणातून वाशिष्ठीलाच येतं. २०२१ ला ते किती आलं यावर अजून गावात दोन तट आहेत. आधी तेवढं करा, अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी वीजनिर्मिती थांबवायची का नाही ते लेखी ठरवा आणि कोळकेवाडीचे आकडे तासातासाला लोकांच्या मोबाईलवर येऊ द्या. याला एक घमेलं माती लागत नाही. गाळ काढायला सुद्धा लोकांना उपोषणाला बसावं लागलं आमच्याकडे.

हिशोबी
गाळ काढून किती पाणी जास्त जातं त्याचा पण हिशोब हवा. भरतीच्या वेळी खोल केलेल्या पात्रात खाडीचं पाणीच वर येऊन बसतं.

वाशिष्ठीकाठ
मग काय करायचं सांगा, घरं सोडायची? @हिशोबी तुम्ही प्रत्येक उपाय वजाबाकीत काढताय.

डेटनकर
वरच्या वाड्यांमधलं कोणी आहे का इथे? मला त्यांच्याकडून ऐकायचंय, खाचराचं वर्षाला किती दिलं तर पाणी तुंबवू द्याल, की कितीही दिलं तरी नाही?

पाऊलवाट
माझं माहेर तिकडचंच आहे. पैशाचं नंतर बोलू दादा, आधी तिवऱ्याच्या चौकशीत कोणाला काय शिक्षा झाली ते विचारतील, त्याचं उत्तर घेऊन या.